पहिला घोट

द्शांगच्या टेकडीवर सकाळी धुकं इतकं दाट
की प्राणीगृहाचं कुलूप चाचपून शोधावं लागतं.
आत दिवा लावला की छत्तीस उंदीर
एकदम नाक वर करतात.
त्यांना नावं ठेवायची नाहीत, असा नियम.
मी शेपटीवर शाईच्या रेघा ओढते
एक, दोन, तीन.
तीन रेघांच्या मादीला मी मनात काय म्हणते
ते वहीत नाही.

साल दिली तेग्नीबाबांनी, केळीच्या पानात बांधून.
पैसे नकोत म्हणाले, मीठ आण, पामतेल आण.
झाडाचं नाव त्यांच्या बोलीत एका श्वासात निघतं,
मी याउंदेत वाढलेली, माझी जीभ अर्ध्यात अडखळते.
म्हणून बरणीवर लिहिलं : नमुना सात.

पलीकडच्या खोलीतलं काम तसं सोपं.
वांग्याच्या सालीसारखा जांभळा द्रव,
त्यात अर्काचे थेंब, मग अर्धा तास अंधार.
बाहेर काढलं तर जांभळा कुठंच नाही,
नळीत कोवळं पिवळं ऊन.
एव्हारिस्त नुसतं "मदाम" म्हणाला.
यंत्राचा आकडा आम्ही तिघांनी तीनदा वाचला.
आतून गंजणं रोखणारं काहीतरी आहे ह्या सालीत,
एवढं रंग सांगतो.
पोटात गेल्यावर ते काय करील
हे रंगाला विचारून उपयोग नाही.

त्यासाठी हे छत्तीस.

एकच मोठी मात्रा, चौदा दिवस पहारा :
सगळे जिवंत, सगळे खादाड.
मग रोज, अठ्ठावीस दिवस,
नळीतून घशात, कमी, मध्यम, जास्त.
एकोणिसाव्या दिवशी तीन रेघांनी
दाणे कोपऱ्यात ढकलले आणि पाठीवरचे केस
पावसात भिजल्यासारखे उभे राहिले.
एकोणतिसाव्या सकाळी तिचं यकृत
माझ्या हातमोज्यात, कच्च्या विटेसारखं फिकट.
तोललं. लिहिलं.
हात दोनदा धुतले.

मोटारसायकलवरून लाल चिखल उडवत गेले सांगायला.
तेग्नीबाबा कच्ची केळी सोलत होते,
ऐकून घेतलं सगळं, सोलणं न थांबवता.
"किती दिवस दिलंस?"
अठ्ठावीस.
सुरी खाली ठेवली.
"रोज?"
रोज.
"मी तीन देतो. चौथ्या दिवशी माणूस
आपला आपण बरा व्हायला लागतो,
मधे झाडानं लुडबुड करू नये."
मग आधी का नाही बोललात?
"तू साल मागितलीस.
दिवस मागितले नाहीस."

मला राग आला, आणि तो कुणावर काढावा ते कळेना.
मी विचारलं, तुम्ही तरी कशावरून सांगता, तपासलंय कुणी?
त्यांनी जीभ बाहेर काढून दाखवली, काळपट, भेगाळलेली.
"झाड बदललं, पाऊस बदलला, की साल बदलते.
दर खेपेला पहिला घोट माझा.
रात्री झोपतो. सकाळी उठलो तर रोग्याला देतो."
आणि नाही उठलात तर?
"तर तो खालच्या गावच्या वैद्याकडे जाईल,"
म्हणाले, आणि हसता हसता खोकले.

भोपळ्याच्या वाटीत उरलेला काढा होता.
त्यांनी एक घोट घेतला, वाटी माझ्याकडे केली.
अठ्ठावीस दिवस मी हे मिलिग्रॅममध्ये मोजलं,
दुसऱ्यांच्या घशात उतरवलं.
कडू. आधी कडू, मग मातीसारखं,
मग बराच वेळ काहीच नाही,
मग जिभेच्या मुळाशी पुन्हा कडू.

परतल्यावर एव्हारिस्तनं विचारलं, काय म्हणाले?
तीन दिवसांनी पुन्हा करायचं, मी म्हटलं,
आणि तक्त्यात चवीचा रकाना कुठं बसेल
ते बघत राहिले. बसत नाही.
शाईची बाटली संपली आहे.
नवे उंदीर सोमवारी येतील.