नमुना

पहिल्या वर्षाच्या वर्गात मी फळ्यावर लिहिते: यादृच्छिक.
दर वर्षी खडू 'दृ'पाशी अडतो.
मागच्या बाकावरून कुणीतरी विचारतंच,
"मॅडम, म्हंजे कसंबी घ्यायचं?"
नाही रे. कसंबी म्हणजे कसंबी.
याला नियम असतो,
आणि तो पाळायला हट्ट लागतो.

पाठवलं होतं पोरांना शहरात,
नळाला पाणी किती वेळ येतं ते विचारायला.
संध्याकाळी चाळीस फॉर्म भरून आले,
सगळे रंकाळ्याच्या कठड्यावर भरलेले,
कोपऱ्याला भेळेचे डाग.
सिराज म्हणाला, "हसून बोलतील असलेच निवडले."
बिचाऱ्यानं खरं तरी सांगितलं.
न हसणारं कोल्हापूर
घरातच राहिलं, नळाखाली कळशी लावून.

मग मला आबा सांगावे लागतात.

आबा मार्केट यार्डात गूळ बघायचे.
गाडी खाली झाली की थप्पी लागायची,
वरच्या थराला पिवळेधमक रवे, दर्शनी.
"वरचा रवा नवरीगत असतोय," म्हणायचे,
"त्येला काय इच्यारायचं?
शितावरनं भात कळतोय, खरं हाय,
पर भात ढवळल्याला असतोय.
थप्पी कोण ढवळतंय?"

खिशातून दहाची नोट काढायचे,
नंबराचे शेवटचे दोन आकडे मोठ्यानं वाचायचे,
अडत्याला ऐकू जाईल असे,
आणि मोजत जायचे.
सदतीस म्हणजे सदतीस.
छत्तिसावा हाताशी असला तरी,
सदतिसावा तळात, भिंतीच्या ओलीला असला तरी.
हमाल शिव्या घालायचे. अडत्या चहा मागवायचा.
आबा टोचा खुपसायचे,
काळपट कणी जिभेवर धरायचे,
आणि चहा नको म्हणायचे.

चौथी शिकलेले. फळ्यावरचा हा शब्द
त्यांना उच्चारता आला नसता.

तीस वर्षं जिभेवर गूळ, मग साखर रक्तात.
सीपीआरमध्ये पोरीनं सुई लावली,
बोटभर नळी भरून घेतली.
"एवढ्यानं कळतंय सगळं?"
म्हटलं, "रक्त ढवळलेलं असतं, आबा."
हसले. पटलं त्यांना. नर्सलाही सांगितलं,
लेक मास्तरीण हाय म्हणून.

डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करू,
शंभरातले ऐंशी बरे होतात.
ते गेल्यावर आबा माझ्याकडे वळले.
"आनि वीस? त्येंच्यातला मी न्हाय, कशावरनं?"

मी संभाव्यता शिकवते, अकरा वर्षं झाली.
छापा-काटा, लाल-निळे चेंडू, पत्त्यांचा जोड.
माझ्याकडे थप्पीचं उत्तर होतं.
रव्याचं नव्हतं.
"ऐंशी म्हणजे पुष्कळ," एवढंच म्हणाले,
आणि माझंच बोलणं मला
अडत्याच्या चहासारखं वाटलं.

त्यांनी उशाखालची नोट काढली,
चष्म्याशिवाय, लांब धरून आकडे वाचले,
मनातल्या मनात.
घडी घालून परत ठेवली.
किती आले, सांगितलं नाही.
मीही विचारलं नाही.

ती नोट आता माझ्या पर्सच्या आतल्या कप्प्यात असते.
वर्गात मी ती काढत नाही.
रोज एकच नोट वापरली
तर तो नमुना राहत नाही, एवढं कळतं मला.
आणि तिचे आकडे मी
अजून वाचलेले नाहीत.

"कुणाकडे नोट आहे?"
मेघनानं वीसची दिली. शेवटी चव्वेचाळीस.
"रोल नंबर चव्वेचाळीस, उभं राहा."
कुणी उठत नाही.
"गैरहजर, मॅडम. त्रेचाळीसला विचारा की,
शेजारीच तर बसतीय."

त्रेचाळीस अर्धी उठलेली.
बस, तिला म्हणते.
चव्वेचाळीसला उद्या विचारू.
उद्या नाही आली, तर परवा.