साडेनऊ

भांडण झालं की तू खाली उतरतोस,
शारजाच्या खाडीवर, गलबतांच्या रांगेपाशी.
मी सातव्या मजल्यावर
फोन उलटा ठेवते, सुलटा करते.
पूर्वी अकरा मिस्ड कॉल असायचे.
परतायचास तो आणखीच मिटलेला.

मग एकदा, डाळीला फोडणी देताना
सहज बोललास:
बाबा कुवेतला. महिन्यातून एक कॅसेट यायची,
त्यांचा आवाज भरलेली.
आई ती लावायची,
तू अंगणात निघून जायचास.
"कॅसेटला हाक मारून
ती थोडीच ओ देते, हेमांगी?"

मोहरी करपली.
मी तुला माझं सांगितलं नव्हतं अजून:
आई दर भांडणात बॅग भरायची,
आणि मी शाळेतून पळत यायची
दारात तिच्या चपला आहेत का बघायला.

हल्ली तू जाताना वेळ सांगतोस. साडेनऊ.
मी विचारत नाही, कुठे.

काल दहा वाजले.
लावला फोन. एकदाच, कबूल.
तू उचललास. मागे पाणी, कुणाची तरी आरोळी.
"खलाशी दोर ढिले करतायत, भरती आलीय.
बघत राहिलो. निघतो.
खुबूस आणू?"

"आण," म्हटलं,
"गरम असतील तर."