आधाराजवळ

इतवारीतलं मिरचीचं गोदाम. मे महिना.
पहाटे साडेतीनला कामाला लागतो आम्ही,
कारण ऊन चढलं की इपॉक्सी
डब्यातच दगड होते.

तुळई क्रमांक सात.
भेग खांबापासून हातभर,
तिरपी, पोराने पट्टी धरून ओढावी तशी.

मधोमध वाकणारी तुळई आधी लोंबते,
माणसांना पळायला वेळ देते.
ही देणार नाही.
ही आधाराजवळ फाटेल, एका आवाजात.
मालकांना तीनदा सांगितलं.
ते म्हणाले, कापड चिकटवायचे एवढे पैसे?

शिवदास धकाते कोपरे घासतो.
"धार ठेवली तं कापडच कापते, मॅडम.
गोल करा लागते."
ग्राइंडरखाली सिमेंटसोबत उडते
वीस वर्षं जिरलेली भिवापुरी.
आम्ही शिंकतो, हसतो, पुन्हा शिंकतो.

मग काळं कार्बनचं कापड.
तो अंगठ्याने चाचपतो. आजा त्याचा
पाचपावलीत लुगड्यांचे काठ विणायचा.
"याले नुसता ताणाच हाय,
बाणा काहून नाही?"

भेग जिकडे उघडते
तेवढंच आवळून धरायचं आहे, मी म्हणते.
तो मान हलवतो. पटलं की नाही, कळत नाही.
तुळईला खालून झोळीसारखं कापड घालतो,
रोलरने हवा काढत जातो.

दोन दिवसांनी
रुपयाचं नाणं घेऊन वाजवतो:
टक्, टक्, टक्,
डब.

थांबतो.
मागे न बघताच हात पुढे करतो.
मी खडू देते.