चौऱ्याण्णव

आकडा चौऱ्याण्णववर येतो आणि बसतो.
पंचाण्णव कधीच नाही.
पंधरा दिवस बघतेय,
सकाळी नळाला पाणी यायच्या आधी,
रात्री समोरचे माग थांबल्यावर.

पैसे तीनशेचे भरलेत.
मोबाइल राउटरपाशी नेला की तीनशे दाखवतो.
म्हणजे हवेतून येतं सगळं,
आणि तारेतून, भिंतीला खिळे मारून आणलेल्या तारेतून,
येतं चौऱ्याण्णव.
हे उलटं आहे.

खरं सांगायचं तर भागतं तेवढ्यात.
टॉवेलची डिझाइनं अक्कलकोट रोडला वेळेत पोचतात,
मोराची बॉर्डर मालकांनी कालच पास केली.
पण मी जॉबरची मुलगी.
फणीत एक दोरा कमी असला तरी कापड होतंच की,
फक्त त्यात एक उभी रेघ राहते,
आणि मग दुसरं काही दिसत नाही.

राउटर बंद केला, शंभर मोजले, चालू केला.
ड्रायव्हर काढला, नवा घातला.
पिन या भोकातून त्या भोकात.
कंपनीची मुलगी म्हणाली, मॅडम, आमच्याकडून फुल येतंय.
खोटं बोलत नव्हती बिचारी.
कॉम्प्युटरच्या मागे वाकून पाहिलं तर
हिरवा असायचा तो दिवा नारिंगी.

वाचलं तेव्हा कळलं,
आत आठ तारा असतात, जोडी-जोडीनं पीळ घातलेल्या.
चार शाबूत असल्या तर शंभराची वाट चालू राहते.
पुढं जायचं तर आठही लागतात.
एखादी गेलीय.
कुठे, ते वायर सांगत नाही. वरून अख्खी, राखाडी.

बाहेर चव्वेचाळीस अंश. नायना खाटेवर उठून बसले.
"दोरा तुटलाय?"
तसंच काहीतरी, म्हटलं.
"मग आकडे काय बघतीस? हात फिरव."

आणि स्वतःच उठले.
चाळीस वर्षं वहीफणी भरलेली बोटं
राउटरपासून निघाली,
चपलांच्या कपाटामागून, उंबऱ्याच्या कडेनं,
कूलरच्या खालून,
आणि थांबली.

खाटेचा लोखंडी पाय.
त्याच्याखाली वायर, पापडासारखी चपटी.

अक्षय्य तृतीयेला ती खाट मीच ओढली होती,
गार वारा लागू दे म्हणून.
पंधरा दिवस नायना तिथे झोपले
आणि मी कंपनीला फोन लावत होते.

ते म्हणाले, काप, गाठ मारू.
म्हटलं, हिला गाठ चालत नाही.
"माझी गाठ फणीतून जाते,"
असं म्हणून रुसले थोडा वेळ.

कन्ना चौकातल्या इरेशकडून क्रिम्पिंगचा पाना आणला,
संध्याकाळपर्यंत परत, या बोलीवर.
मी रंग सांगायचे, ते तारा सरळ करून ओळीत बसवायचे:
नारिंगीपांढरा, नारिंगी, हिरवापांढरा, निळा,
निळापांढरा, हिरवा, तपकिरीपांढरा, तपकिरी.
ते मात्र तेलुगूत मोजत होते, स्वतःशीच,
ओकटी, रेंडू, मूडू, नालुगु,
एनिमिदीपर्यंत.

पहिली पिन वाया गेली.
मोतीबिंदूत हिरवा आणि निळा एकच.
मी बघायला हवं होतं, मी बोटांकडे बघत राहिले.

दुसरी बसली. कट्कन.

कापलेली वायर आता टेबलापर्यंत पोचेना,
तीन हात कमी.
मग टेबलच सरकवलं, खाटेला लागून.
आता मी मोर काढते तेव्हा
त्यांचं घोरणं कानाशी असतं,
आणि जागे असले की म्हणतात,
पिसाऱ्यात दोरे फार घेतलेस, माग अडेल.

त्या संध्याकाळी दिवा हिरवा लागला.
आकडा चढला, चौऱ्याण्णव ओलांडून गेला,
दोनशे शहाण्णववर थांबला.
मी टाळी वाजवली.

नायनांनी चष्मा पुसला, पडद्यापाशी आले,
बराच वेळ बघत राहिले.
"तीनशे म्हणालीस ना?
मग चार कुठे गेले?"