शिक्का

मातेराच्या जुन्या गुहांकडे उतरताना
नुन्त्सिया पायऱ्या मोजत नाही,
तिचा गुडघा मोजतो.

गुहेला आता दार आहे, दाराशी तिकीट.
“इथंच जन्मले, तरी?”
खिडकीतला पोरगा दरपत्रक वर-खाली वाचतो.
तसा रकाना नाही.

आत खेचराची कडी, खेचर नाही.
उंच पलंग, त्याखाली
भुसा भरलेली कोंबडी, मण्यांच्या डोळ्यांची.
धूर खरवडून भिंतींना चुना दिलाय.
ओल तेवढी जुनीच,
हात टेकला की ओळख देते.

काचेच्या पेटीत मूठभर लाकूड,
खाली चिठ्ठी: लोण्याचा साचा.

“लोणी?” ती एवढ्यांदा हसते
की जर्मन पाहुणे वळून बघतात.
“लोणी कुणी पाहिलं होतं रे!
हा पावाचा शिक्का. भट्टी सगळ्या आळीची एक,
कणीक ज्याची त्याची.
अक्षर येत नव्हतं, म्हणून बापानं
हिवाळाभर बसून कोंबडा कोरला.
आळी म्हणायची, आला बोकडवाल्यांचा पाव.
किती भांडले मी त्यापायी,
एकदा तर पाव तिथंच टाकून आले,
आणि मार खाल्ला.”

पोरगा काचेला नाक लावतो.
तुरा म्हणावा, तर शिंगं दिसतात.
“बोकडच आहे, आजी.”

ती चष्मा काढते, पदराएवढ्या रुमालानं पुसते,
पुन्हा घालते.
“शेपूट बघ,” म्हणते.
“शेपूट कोंबड्याचंच आहे.”