सशांच्या पिंजऱ्यावरची वेल

नाव विचारलं तर तीन घरांत तीन नावं निघाली.
पिठाच्या चक्कीपाशी 'वेदोविना', म्हणजे धाकटी विधवा.
चर्चखालच्या घरात 'पिग्रा', आळशीण.
आणि झेलिंदाकडे नुसतंच 'ती'.

सरकारी यादीत यातलं एकही नव्हतं.
यादीत नाही ते लावायला बंदी,
आणि लावल्याशिवाय यादीत घेत नाहीत.

मी तेवीस वर्षांचा, शेतकी शाळा अर्ध्यावर टाकून आलेला.
काकाच्या फियाटच्या डिकीत ओलं गोणपाट,
कात्री, एक वही.
हा डोंगर साठ सालानंतर रिकामा होत गेला.
माणसं तुरीनला, मोटारींच्या कारखान्यात.
जे मागे राहिले त्यांनी वेली बदलल्या
आणि सगळ्यांत आधी हिला उपटलं.
कारण होतं. फुलोऱ्यात जरा वारं लागलं की गळायची,
एक वर्ष आड धरायची,
आणि धरलं तरी घड कसा,
तर दात पडलेल्या पोराच्या हसण्यासारखा.
काळी द्राक्षं घर चालवत होती.
हिचे नखरे कोण पोसणार?

झेलिंदाच्या मागल्या अंगणात सशांचा पिंजरा,
त्यावर जुन्या लोखंडी पलंगाची चौकट,
चौकटीवर ती.
खोड माझ्या मांडीएवढं, साल दोऱ्या-दोऱ्यांनी सुटलेली.

"वाइन करता हिची?"
"छे. मला पोटात जळजळतं."
"मग ठेवली कशाला?"
"सशांना ऊन लागतं."

तिसऱ्या खेपेला, मी काड्या गोणपाटात गुंडाळत असताना
तिनं आपणहून सांगितलं.
दीर होता, अदेल्मो.
बावन्न साली जेनोआहून बोटीत बसला, रोसारिओला.
निघताना म्हणाला, वहिनी,
हिला दर फेब्रुवारीत छाट, मी येईपर्यंत.
छाटली.
पत्रं आली दोन.
दुसऱ्यात फोटो, फोटोत बायको.
"त्या फेब्रुवारीत," झेलिंदा म्हणाली,
"माझ्याकडून जरा जास्तच छाटली गेली.
एप्रिलभर पाणी गळत होतं टोकांतून.
मी म्हटलं, गळू दे."

कलम करण्याला डोळा भरणं म्हणतात.
परक्या खुंटावर मी एकशे चाळीस डोळे भरले.
एकवीस लागले.
पहिल्या वर्षी हरणांनी कोंब खाल्ले,
दुसऱ्या वर्षी गारा,
तिसऱ्या वर्षी सगळं नीट होतं, तर तिचं आडवर्ष.
बारमध्ये ओत्ताव्हियो मला पाहिलं की
रिकामा ग्लास उंच करून म्हणायचा,
"तुझ्या वाइनच्या नावानं!"

पाचव्या शरदात एक बुधला भरला.
रंग वाळल्या गवताचा. वास आधी काहीच नाही,
मग बऱ्याच वेळानं, दगडावर दगड घासल्यावर येतो तसा,
आणि त्यामागून कसलातरी मध.
मला शब्द सापडेनात. वहीत नुसतं लिहिलं : थांबावं लागतं.

एक बाटली झेलिंदाकडे नेली.
तिच्याकडे ग्लास नव्हता, कॉफीचा कप होता.
बोट बुडवून चाखलं.
"आंबट आहे."
मी काही बोललो नाही.
"तोही होता," ती म्हणाली.

मग अर्ज काढला, नावाचा रकाना दाखवला.
तुमचं नाव घालू का, म्हटलं, तर चिडली.
"जन्मभर मी हिला कापत आले.
माझं नाव कशाला?"
रकाना तसाच घेऊन निघालो.
मागे वळून पाहिलं तर ती कपावर बशी झाकत होती,
फळीवर ठेवत होती, पिठाच्या डब्याशेजारी.

पुढच्या गुरुवारी सशांना गवत द्यायला गेलो.
कप धुऊन पालथा घातलेला होता.
घरात दुसरं कोणीच राहत नाही.