दिवाडीला येणाऱ्यांना

फोनवर सगळे एकच विचारतात, हवा कशी आहे?
ओली, मी सांगतो.
डिसेंबरातसुद्धा डबीतल्या मिठाचा खडा होतो,
काडेपेटी आम्ही तांदळात पुरून ठेवतो,
तुम्ही कॅमेरा ठेवा.
सकाळी दहापर्यंत वारा नसतो.
मग समुद्राकडून येतो, मांडवीच्या तोंडातून,
खारफुटीची पानं उलटी करत,
आणि चारला फेरीवरच्या बायका पदर धरून उभ्या राहतात.

बेटाला एकच टेकडी, तांबड्या चिऱ्याची.
बाकीचं सगळं भरतीच्या पातळीखाली.
हे वाचून घाबरू नका.
मधे बांध आहे, बांधाला मानस आहे,
मानशीला लाकडी दार आहे,
आणि दाराला पुरसो आहे,
जो अमावास्येला जेवणाची वेळ ओहोटीला विचारून ठरवतो.

गेल्या फेब्रुवारीत रेयुनियनहून एक बाई आल्या.
जोझियान पाये. शाळेत भूगोल शिकवायच्या.
त्यांचं बेट ज्वालामुखीचं,
एका कुशीला पाऊस थांबत नाही, दुसऱ्या कुशीला ऊस करपतो,
मधे डोंगर, आणि तो अजून पेटतो.
लाव्हा समुद्रात उतरला की
पुढच्या वर्षीच्या नकाशात थोडी जमीन जास्त.
आमची दरवर्षी थोडी कमी, मी म्हटलं.
त्या हसल्या नाहीत. वहीत लिहून घेतलं.

तिसऱ्या दिवशी मागीलदारी
आई पाट्यावर खोबरं वाटत होती.
बाई तिथेच उकिडव्या बसल्या.
पाटा काळा, घट्ट, अंगावर बारीक भोकं.
त्यांनी बोट ओलं करून भोकांवरून फिरवलं.
कुठला?
सत्तरीचा. घाटाखाली विकतात. आजोबांनी होडीतून आणला.
तो आमचा आहे, त्या म्हणाल्या.

मला वाटलं विकत मागतायत.
मग त्यांनी पिठात रेघा ओढून समजावलं:
आग खालीच राहिली, जागची हलली नाही.
वरून जमीन चालत गेली, उत्तरेला,
पाठीवर हा थिजलेला दगड घेऊन.
साडेसहा कोटी वर्षं.
आम्ही तिथं राहतो जिथून तुम्ही निघालात.

आईला मी हे कोकणीत सांगितलं, जमेल तेवढं.
कोटी म्हटल्यावर तिने हात थांबवला.
मग म्हणाली, बरं, त्यांचा तर त्यांचा,
टाकी लावून दे म्हणावं, गुळगुळीत झालाय.

त्यांनी खरंच लावली.
पुरसोची छिन्नी, दुपारभर टक् टक्,
ठिणगी उडाली तेव्हा दोघी मागे सरकल्या
आणि एकमेकींकडे बघून गप्प झाल्या.

तर, यायचं असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी.
दुपारी पंखा लागतो, पहाटे चादर.
बांधावर चालाल तर चपला हातात घ्या,
चिखल पायाला धरतो पण सोडतो.
भरतीच्या वेळा स्वयंपाकघराच्या दारामागे खडूने लिहिलेल्या असतात.
शेवटची फेरी चुकली तर
ओरडू नका, नदीवर आवाज फार लांब जातो
आणि पुरसो मानशीवरून उत्तर देतो.

पाट्यावर वाटलेलं हुमण मिळेल.
दात सांभाळा.
टाकीनंतर थोडे दिवस
खोबऱ्यात किंचित कचकच लागते.